क्लच सोडताना गाडी थरथरते? गिअरबॉक्स उतरवण्याआधी या चुका टाळा

जुनी मारुती ८००, झेन, ओम्नी किंवा बोलेरो. पहिला किंवा रिव्हर्स गिअर टाकून क्लच सोडायला लागलं की गाडी हादरते आणि पेडल पूर्ण सुटलं की शांत होते. गॅरेजमध्ये यावर बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं, "क्लच सेट टाकू." सेट पडतो, पैसे जातात आणि दोन-तीन महिन्यांत थरथर परत येते. कारण बऱ्याच गाड्यांत क्लचप्लेट मुळात दोषी नसते. दुसऱ्या कुठल्या तरी बिघाडाची शिक्षा ती भोगत असते.

प्लेटने फ्लायव्हीलला (इंजिनसोबत फिरणाऱ्या जड चकतीला) एकसारखं घासत हळूहळू पकडायला हवं. ती पकडते, सुटते, पुन्हा पकडते असं करू लागली की सेकंदाला साधारण दहा-पंधरा झटके बसतात आणि गिअरबॉक्सपासून चाकांपर्यंत सगळं त्या तालावर हलतं. पहिल्या आणि रिव्हर्स गिअरमध्ये ते सर्वांत जास्त जाणवतं, कारण तिथे चाकांवर येणारा जोर सर्वांत जास्त असतो.

चूक: प्रत्येक थरथर क्लचच्या खात्यावर टाकणं

पेडल पूर्ण सुटल्यावरही थरथर चालूच असेल तर क्लच सोडून दुसरीकडे बघा. रेस वाढते पण गाडी उचलत नाही, हे क्लच स्लिप होण्याचं लक्षण. पेडल दाबल्यावर घरघर येते, ते रिलीज बेअरिंग (पेडल दाबलं की क्लच सोडवणारं बेअरिंग). ८०च्या वेगाला स्टिअरिंग हलतं, ते चाकांचं बॅलन्सिंग. गाडी न्यूट्रलमध्ये पेडल दाबून उभी असतानाही थरथरत असेल तर इंजिन मिसिंग करतंय का ते आधी बघा. प्लग, प्लगच्या वायरी, कार्ब्युरेटरच्या गाडीत आयडलिंगचं सेटिंग. नीट न चालणारं इंजिन क्लच सोडताना कमी रेसवर बोजा आला की आणखी अडखळतं, आणि तो झटका अगदी क्लचसारखाच वाटतो.

चूक: फाउंडेशन न तपासता गिअरबॉक्सला हात घालणं

फाउंडेशन म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स ज्या रबरांवर बसवलेले असतात ती. सर्वांत स्वस्त तपासणी हीच, आणि सर्वांत जास्त टाळली जाते तीही हीच. बॉनेट उघडा, हँडब्रेक ओढा, चाकांना ठोकळे लावा. एकाने आत बसून फूटब्रेक दाबून धरायचा, पहिल्या गिअरमध्ये क्लच फक्त पकडायला लागेपर्यंत सोडायचा आणि लगेच परत दाबायचा. मग तेच रिव्हर्समध्ये. दुसऱ्याने बाजूला उभं राहून इंजिन बघायचं. गाडीच्या पुढे किंवा मागे कोणीही उभं राहायचं नाही. इंजिन थोडं झुकणं साहजिक आहे. पण ते उसळी मारत असेल, 'धप्प' आवाज येत असेल, तर फाउंडेशनचं रबर फाटलंय किंवा लोखंडापासून सुटलंय. खात्रीसाठी ऑइल पॅनखाली लाकडी फळी ठेवून जॅकने इंजिनवरचं वजन जेमतेम उचला, म्हणजे एरवी मिटलेली चीर उघडी पडते. फळीशिवाय जॅक लावला तर पॅन चेपतं.

केबल क्लचच्या गाड्यांत एक भानगड आणखी असते. केबलचं एक टोक बॉडीकडे आणि दुसरं गिअरबॉक्सकडे. फाउंडेशन ढिलं असेल तर इंजिन झुकताना केबल ताणली जाते किंवा सैल होते, क्लच आपोआप थोडा दबतो-सुटतो, त्याने इंजिन आणखी झुकतं. नवा सेट टाकूनही थरथर तशीच राहिलेल्या कितीतरी छोट्या गाड्यांचा आजार एवढाच असतो.

ओम्नी, बोलेरो, सुमो अशा मागच्या चाकांना जोर देणाऱ्या गाड्यांत खाली वाकून आणखी दोन गोष्टी बघा. प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस हाताने फिरवून ढिले लागतात का, आणि ज्या गाड्यांत मागे पाटे आहेत तिथे त्यांचे यू-बोल्ट आवळलेले आहेत का. शाफ्ट दोन तुकड्यांचा असेल तर मधलं बेअरिंगही. पुढच्या चाकांच्या गाडीत ड्राइव्ह शाफ्टचे जॉइंट.

चूक: थरथर कधी होते ते न पाहणं

चार दिवस फक्त एवढीच नोंद ठेवा: गाडी थंड की गरम, हवा कोरडी की दमट, सपाटीवर की चढावर.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, आठवडाभर उभ्या राहिलेल्या गाडीत फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेटवर (क्लचप्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरणाऱ्या भागावर) हलका गंज चढतो. पहिले काही उठाव थरथरतात आणि मग क्लच स्वतःच साफ होतो. त्यावर खर्च करू नका. सकाळी ठीक आणि ट्रॅफिकमध्ये तापल्यावर थरथर, असं असेल तर तेल लागलेली प्लेट, तापून डाग पडलेलं फ्लायव्हील किंवा वाकलेली प्रेशर प्लेट यांपैकी काहीतरी आहे. थंड-गरम दोन्हीत सारखीच असेल तर फाउंडेशन, केबल, वाकलेली क्लचप्लेट इथून सुरुवात करा.

इथेच तो 'प्लेट जाळून घेण्याचा' उपाय पुढे येतो. हँडब्रेक ओढून, जोरात रेस देऊन, हाफ क्लचवर वास येईपर्यंत धरायचं. हे करू नका. लायनिंगमध्ये (प्लेटच्या घासणाऱ्या थरात) मुरलेलं तेल याने निघत नाही. ते भाजून पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो, आणि फ्लायव्हीलवर निळे डाग पडतात ते वेगळेच. तेल लागलेली प्लेट पेट्रोलमध्ये धुवून परत लावणंही वायाच, कारण तेल छिद्रांत राहतं आणि तापलं की बाहेर येतं.

चूक: केबल आवळून वेळ मारून नेणं

पेडल हाताने सावकाश दाबून बघा. ते अडकत, टप्प्याटप्प्याने जात असेल तर केबलच्या तारा तुटायला लागल्यात, किंवा फोर्क (बेअरिंग ढकलणारा दांडा) अथवा रिलीज बेअरिंगची नळी घासली आहे. सफाईने न सुटणारा क्लच सफाईने पकडणारही नाही. केबलच्या जुन्या छोट्या गाड्यांत पेडलला साधारण १५ ते ३० मि.मी. मोकळी चाल लागते. नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्या. ही चाल शून्यावर आणली की बेअरिंग कायम दाबलेलं राहतं आणि प्लेट घसरून जळते. नवी केबल पुन्हा पुन्हा कडक होत असेल तर इंजिन ते बॉडी अर्थिंगची पट्टी बघा. ती तुटली असेल तर स्टार्टरचा करंट क्लच केबलमधून वाट काढतो आणि तिला भाजतो. हायड्रॉलिक क्लच असेल तर डबीतली पातळी आणि स्लेव्ह सिलिंडरचं रबर बघा.

चूक: तेल दिसलं, प्लेट बदलली, सील तसंच

गिअरबॉक्स उतरलाच तर पुसापुशी करण्याआधी पाच मिनिटं नुसतं बघा. तेल कुठून आलं ते डागांवरून कळतं. फ्लायव्हीलच्या मागे पातळ काळं तेल म्हणजे क्रँकचं (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याचं) मागचं सील. इनपुट शाफ्टभोवती (गिअरबॉक्समधून प्लेटच्या मध्यात शिरणाऱ्या दांड्याभोवती) घट्ट, उग्र वासाचं तेल म्हणजे गिअरबॉक्सचं सील. प्लेटच्या मधल्या भागातून बाहेर उडालेले पट्टे म्हणजे मागच्या वेळी स्प्लाइनवर (त्या शाफ्टच्या खाचांवर) थापलेलं ग्रीस. आणि बेल हाउसिंगच्या (क्लचवरच्या कवचाच्या) वरच्या बाजूने ओघळ आला असेल तर सील निर्दोष, टॅपेट कव्हरचं पॅकिंग गळतंय.

दोन्ही सीलं मिळून येणारा खर्च गिअरबॉक्स उतरवायच्या मजुरीपुढे किरकोळ असतो. बॉक्स खाली असताना ती न बदलणं ही बचत नाही. सील बदलूनही गळतं, याची दोन कारणं हमखास विसरली जातात. एक, इंजिनचा ब्रीदर पाइप तुंबला की आत दाब वाढून तेल सीलमधून बाहेर येतं. दुसरं, शाफ्टवर जुन्या सीलने पाडलेली खाच. बसवायला जागा असेल तर नवं सील एखादा मि.मी. आत-बाहेर बसवा, म्हणजे त्याची कड ताज्या जागेवर घासेल.

बेल हाउसिंगमधली धूळ हवेच्या पाइपने उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा.

चूक: फ्लायव्हीलला पॉलिशपेपर मारून 'झालं' म्हणणं

हलका गंज किंवा चकाकी असेल तर पॉलिशपेपर पुरतो. निळे-काळे डाग असतील तर नाही. त्या जागी बीड लोखंड तापून-थंड होऊन कडक झालेलं असतं. साध्या लेथवर फेसिंग मारताना टूल त्या डागावरून उडी मारतं आणि डाग किंचित उंच राहतो. म्हणून शक्य असेल तिथे सरफेस ग्राइंडिंग करून घ्या. भेगा नखाला लागत असतील तर फ्लायव्हील बदला. काही नव्या डिझेल गाड्यांत दोन भागांचं, आत स्प्रिंग असलेलं फ्लायव्हील असतं. ते मशीनवर घ्यायचं नसतं.

बसवण्याआधी क्रँकच्या तोंडावरचा आणि फ्लायव्हीलच्या मागचा कचरा साफ करा. तिथे अडकलेला बारीक कण बाहेरच्या कडेला दुपटीहून मोठी डगमग करतो. बोल्ट आवळून डायल गेज (डगमग मोजायचं मापक) लावा, क्रँक एकाच बाजूला दाबून धरून फ्लायव्हील फिरवा. बहुतेक छोट्या गाड्यांत मर्यादा ०.१ ते ०.२ मि.मी. असते.

चूक: बसवताना घाई

नव्या सेटची निम्मी थरथर इथेच जन्माला येते. सर्वांत वाईट म्हणजे गिअरबॉक्स बसवताना त्याचं वजन इनपुट शाफ्टवर लटकू देणं. शाफ्ट प्लेटच्या मध्यात असतो, सगळा भार तिथे येतो आणि नवीकोरी प्लेट वाकते. बॉक्सला जॅकचा आधार द्या. तो सरळ आत जात नसेल तर बोल्ट आवळून ओढू नका, प्लेट मध्यावर नाही असं समजा.

नव्या प्रेशर प्लेटवर गंज न चढावा म्हणून लावलेला थर ब्रेक क्लीनरने पुसा. तेलकट हात लायनिंगला लावू नका. प्लेटची फ्लायव्हीलकडची बाजू खुणेवरून ओळखून लावा. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर, दोन-तीन फेऱ्यांत थोडे थोडे आवळा. एक बाजू आधी घट्ट केली की कव्हर वाकतं आणि आतली बोटं (मधल्या स्प्रिंगची टोकं) एका पातळीत राहत नाहीत. बोटांच्या उंचीत अर्ध्या मि.मी.हून जास्त फरक असेल तर क्लच तिरका सुटतो. स्प्लाइनवर ग्रीस काडेपेटीच्या गुलाइतकंच. प्लेट दोनदा मागेपुढे सरकवून बाहेर आलेलं पुसा. रिलीज बेअरिंग सीलबंद असतं, ते डिझेलमध्ये धुतलं तर आतलं ग्रीस जातं.

इंजिन आणि बेल हाउसिंगमधल्या डॉवेल पिना जागेवर आहेत का बघा. वारंवार उघडलेल्या गाड्यांत त्या हरवलेल्या असतात. त्यांच्याशिवाय बॉक्स क्रँकच्या रेषेत बसत नाही, आणि मग कितीही महागडा सेट घाला, उपयोग नाही.

रीलाइन केलेल्या प्लेटबद्दल एवढंच, की दोन लायनिंगच्या मधल्या लहरी पत्र्याची लवचीकता गेली असेल तर पकड एकदम बसते. ती मऊ सुरुवात नव्या लायनिंगने परत येत नाही.

जुनी प्लेट भंगारात देण्याआधी हातात घ्या. लायनिंगचा एक भाग चकाकतो आणि समोरचा मळकट आहे, तर प्लेट किंवा फ्लायव्हील तिरकं होतं. रिवेटची डोकी पृष्ठभागापासून अर्ध्या मि.मी.पेक्षा कमी खोल राहिली असतील तर प्लेट खरोखर संपली होती. आणि लायनिंग जाड, एकसारखं, कोरडं असेल तर सेट बदलायची गरजच नव्हती. मग गाडी परत फाउंडेशनच्या तपासणीला उभी करा.

सेट नवा असेल तर पहिले ५०० कि.मी. चढावर हाफ क्लच धरू नका, जोरात उठाव घेऊ नका. या काळात किंचित थरथर चालते. त्यानंतरही राहिली तर आधी फाउंडेशन आणि केबलची मोकळी चाल पुन्हा बघा, बॉक्स शेवटी.