पुण्यात ताजी भाजी, टेकडी आणि दानधर्म: कुठे जायचं आणि काय विचारायचं

पुण्यात नवीन आलेली माणसं, आणि वर्षानुवर्षं इथेच राहून सगळं ॲपवरून मागवणारीसुद्धा, मला आधी विचारतात की चांगली भाजी कुठे मिळते, मग थोड्या गप्पा झाल्या की विचारतात कुणाला मदत करायची असेल तर खात्रीची जागा कुठली, आणि सगळ्यात शेवटी, जरा आवाज खाली करून, की हल्ली झोपच लागत नाही गं, काय करू. तिन्ही प्रश्नांवर मी जे सांगते ते एकदा नीट लिहून ठेवते. तिन्ही गोष्टींना एकच सवय लागते, समोरच्या माणसाला विचारायची. भाजीवाल्याला विचारायचं माल कुठला, संस्थेला विचारायचं तुम्हाला काय लागतंय, आणि आपल्याला बरं नसेल तर तेही कुणाला तरी बोलून दाखवायचं.

भाजीपासून सुरू करू. जुन्या पेठांत राहत असाल तर महात्मा फुले मंडई आहेच. १८८६ मध्ये सुरू झाली तेव्हा तिचं नाव रे मार्केट होतं, आणि या इमारतीवर खर्च करण्यापेक्षा तो पैसा शिक्षणावर घाला असं नगरपालिकेत जोतीरावांनी ठणकावून सांगितलं होतं, आज मंडईला त्यांचंच नाव आहे. गाडी घेऊन जाऊ नका, पार्किंग शोधण्यात अर्धा तास जातो, आता मेट्रोचं मंडई स्टेशन झालंय तर दोन कापडी पिशव्या घ्या आणि सरळ मेट्रोने जा. मंडईत पावशेर-अर्धा किलो घेता येतं, आणि मुख्य म्हणजे हाताने निवडून घेता येतं.

गुलटेकडीचं मार्केट यार्ड वेगळं प्रकरण आहे. तो घाऊक बाजार, तिथे बोली दहा किलोची आणि पालेभाजीची शेकड्यावर, म्हणजे शंभर जुड्यांचा भाव. एकट्याने जाऊन उपयोग नाही. सोसायटीतल्या चार-पाच घरांनी मिळून जायचं, एक टोमॅटोचं क्रेट, एक कांद्याची गोणी, एक बटाट्याची असं घ्यायचं आणि खाली पार्किंगमध्ये वाटून घ्यायचं, पैसे बरेच वाचतात आणि शेजाऱ्यांशी बोलणं होतं ते वेगळंच. फळं-भाजीचा विभाग शनिवारी बंद असतो हे लक्षात ठेवा, खूप जण सुट्टी म्हणून नेमके शनिवारी जातात आणि हात हलवत परत येतात. रविवारी आवक सगळ्यात जास्त, गर्दीपण, त्यामुळे उजाडायच्या आत पोचलात तर ठीक. हमाल डोक्यावर ओझं घेऊन "बाजूला, बाजूला" करत येत असतात त्यांना वाट द्या, मधे उभं राहून फोनवर बोलू नका.

तिसरी जागा म्हणजे शेतकरी आठवडे बाजार. २०१६ मध्ये राज्य सरकारने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून मोकळा केला आणि शेतकऱ्यांना शहरात थेट विकता यायला लागलं, तेव्हापासून कोथरूड, बाणेर, औंध अशा भागांत ठरलेल्या वारी हे बाजार भरतात. वार आणि जागा बदलत राहतात म्हणून आपल्या भागात चौकशी करा, सोसायटीच्या वॉचमनला बहुतेक माहीत असतं. इथे एक गोष्ट बघायला शिका. ज्याच्यापुढे तीन-चारच प्रकार आहेत, समजा मेथी, वाटाणा, थोडा घेवडा आणि लिंबं, तो बहुतेक स्वतःच्या रानातला माल घेऊन आलेला असतो. ज्याच्याकडे ब्रोकोलीपासून सफरचंदापर्यंत सगळं मांडलंय त्याने तो माल पहाटे यार्डातून उचललेला असतो. त्यात वाईट काही नाही, त्याचंही पोट आहे, पण मग थेट शेतातलं म्हणून जास्त पैसे मोजू नका. विचारायचं सरळ, "दादा, गाव कुठलं? कधी काढली भाजी?" खरा शेतकरी खुलून बोलतो, पाऊस किती झाला, कांदा कसा सडला, सगळं सांगतो, आणि पुढच्या वेळेला तुमच्यासाठी दोन कणसं बाजूला काढून ठेवतो.

आता निवडायचं कसं. कोथिंबिरीची जुडी वरून बघू नका, वरून सगळ्याच हिरव्यागार दिसतात कारण सारखं पाणी मारतात. जुडी उलटी करा, बांधलेल्या सुतळीच्या आत बोट घाला, आत गरम आणि चिकट लागलं तर ती आतून सडायला लागली आहे, दुसऱ्या दिवशी काळी पडणार. मुळांना ओलसर माती आणि देठ मोडताना कट आवाज आला तर घ्या. घरी आणल्यावर धुवायची नाही, सुतळी सोडायची, पिवळी पानं काढायची, मुळं कापायची आणि कोरड्या कागदात गुंडाळून डब्यात ठेवायची, आठवडाभर टिकते. वांग्याचा देठ हिरवा हवा आणि हातात घेतल्यावर हलकं वाटायला हवं, जड वांग्यात बिया. कांद्याची मान घट्ट मिटलेली असावी. दुधीला हळूच नख लागतं का बघा. भेंडीची टोकं मोडत बसू नका, मोडलेली भेंडी पुढचं गिऱ्हाईक कसं घेणार, कोवळी भेंडी वाकवली की कळतेच.

हंगामाचं बघून खाल्लं तर स्वस्त पडतं आणि चवपण येते. उन्हाळ्यात सासवडकडचे अंजीर, पावसाळ्यापासून सीताफळं, हिवाळ्यात हरभऱ्याचा पाला, चाकवत, पोपटी वाटाणा. पावसाळ्यात मावळ-मुळशीकडच्या बायका टोपलीत करटोली, टाकळा, कुर्डू, घोळ घेऊन बसतात, ते दिसलं की सोडू नका, पण शिजवायचं कसं ते त्यांनाच विचारा, काही रानभाज्या नीट केल्या नाहीत तर घशाला खाजतात. ऑगस्टच्या आसपास कृषी विभाग रानभाजी महोत्सव भरवतो तिथेही ओळख होते. तांदूळ मावळातला इंद्रायणी नाहीतर मुळशीचा आंबेमोहर, मोकळा भात हवा असेल तर जुना तांदूळ मागा, नव्याचा चिकट होतो, आणि गुरगुट्या भाताला तोच छान.

आता तब्येतीचं. पुण्याइतक्या टेकड्या शहराच्या मधोमध कुठल्या शहराला आहेत? वेताळ टेकडी, तळजाई, फर्ग्युसनच्या मागची हनुमान टेकडी, पर्वती, घराजवळची कुठलीही धरा. पहिल्याच दिवशी वेताळाच्या देवळापर्यंत जायचा हट्ट करू नका, गुडघे दुखले की माणूस परत जात नाही. सकाळी उजाडल्यावर जा, अंधार पडायच्या आत खाली या, एकटं असाल तर मळलेली वाट सोडून आत शिरू नका, आणि कानातले इअरफोन काढून ठेवा, मोर ओरडतात ते ऐकू येऊ द्या. टेकडी झेपत नसेल तर जवळच्या बागेत सकाळी हास्यक्लब असतो, बाहेरून बघणाऱ्याला ते विचित्र वाटतं पण निवृत्त झालेल्या, जोडीदार गेलेल्या कितीतरी माणसांचा दिवस त्या अर्ध्या तासाने सुरू होतो, चार दिवस कुणी आलं नाही तर घरी फोन जातो. ज्येष्ठ नागरिक संघ जवळपास प्रत्येक भागात आहे. आईबाबा एकटे राहत असतील तर १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा हेल्पलाइन नंबर त्यांच्या फोनमध्ये सेव्ह करून द्या.

आणि मन बरं नसेल तर चालणं, योगा वगैरे चांगलंच आहे, पण तेवढ्यावर भागवू नका. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर, सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीतून बोलता येतं. २०२२ मध्ये सुरू झाला तरी अजून कितीतरी घरांना माहीत नाही. दोन-तीन आठवडे झोप नाही, कशात रस नाही, मरणाचे विचार येतात, तर उद्यावर न टाकता फोन करा, घरच्या कुणासाठीही करू शकता. दारूचा प्रश्न असेल तर येरवड्याला मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, १९८६ मध्ये डॉ. सुनंदा आणि डॉ. अनिल अवचट यांनी सुरू केलेलं, त्यासाठी पुलं आणि सुनीताबाईंनी पाठबळ दिलं होतं. पेशंट यायला तयार नसला तरी आधी घरच्यांनी जाऊन बोलावं, बायकोला, आईला कुठेतरी मोकळं होता येणं हीसुद्धा ट्रीटमेंटच आहे.

एक गोष्ट प्रत्येकाने पाठ करून ठेवावी अशी आहे. महाराष्ट्रातल्या धर्मादाय हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात, हायकोर्टाच्या आदेशाने २००६ पासून ही योजना आहे. वर्षाचं उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर मोफत, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर सवलत. तुमच्या घरी काम करणाऱ्या मावशींच्या घरी कुणी ॲडमिट झालं तर पाच हजार हातावर ठेवण्याआधी त्यांच्याबरोबर हॉस्पिटलमध्ये जा, वैद्यकीय समाजसेवक कुठे बसतात ते विचारा, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशन कार्ड पुढे ठेवा. जागा नाही म्हणून सांगितलं तर ते लेखी मागा, नाहीतर धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात तक्रार करता येते. शिकलेला माणूस बरोबर उभा असला की बोलणं बदलतं, हे दुर्दैव आहे पण तसं आहे, तर ते वापरा. मला विचाराल तर यापेक्षा मोठं दान कमी असतं.

देणगीचं म्हणाल तर आधी फोन करा. वाढदिवसाला अनाथाश्रमात केक आणि वृद्धाश्रमात गोड जेवण द्यायची पद्धत पडलीय, त्यामुळे काही दिवशी तीन-तीन ठिकाणचं जेवण येतं आणि एरवी तेलाचा डबा संपलेला असतो. काय लागतंय विचारलं की उत्तरं वेगळीच येतात, मोठ्यांचे डायपर, फिनाइल, लाइटबिल, रात्रपाळीच्या मावशींचा पगार. पगाराला पैसे द्यायला लोक तयार नसतात, पण म्हाताऱ्या माणसाला रात्री कूस बदलून देणारी ती मावशीच असते ना? त्यामुळे जमलं तर दर महिन्याला थोडी ठराविक रक्कम द्या आणि ती कुठे वापरायची ते संस्थेला ठरवू द्या.

संस्था खरी आहे का ते बघायला धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी नंबर मागा, त्यात ई किंवा एफ असं अक्षर असतं, एफ म्हणजे सोसायटी नोंदणी कायद्याखाली नोंदलेली संस्था. ऑडिट केलेला हिशोब मागायला लाजू नका. देणगीवर टॅक्समध्ये मिळणारी ८०जीची सवलत जुन्या कररचनेतच मिळते, रोख २ हजारांच्या वर दिलं तर मिळत नाही, आणि कपडे-धान्य असं वस्तूत दिलेल्याला तर नाहीच.

कपडे द्यायचे तर धुऊन, इस्त्री करून, बटणं लावून, मुलांचे-मोठ्यांचे वेगळे बांधून. फाटके असतील तर बोहारणीला द्या, तिला त्यातलं काय विकलं जाईल ते बरोबर कळतं. पुण्यात अजून एक बघण्यासारखं काम म्हणजे बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने सुरू केलेली कष्टाची भाकर, कष्टकऱ्यांना परवडेल अशा दरात पोटभर जेवण. तिथे स्वतः जाऊन पैसे देऊन जेवा, झुणका-भाकर खरंच चांगली असते. आणि रोज दारात कचरा न्यायला येणाऱ्या ताईंसाठी ओला-सुका वेगळा ठेवा, सॅनिटरी पॅड पेपरमध्ये गुंडाळून वर लाल खूण करा, त्यांची महिन्याची फी पहिल्या आठवड्यात द्या. उघड्या हाताने तुमच्या घरातलं निवडायला लागू नये एवढं तर आपण करूच शकतो.

आषाढीच्या आधी ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यात दोन रात्री असतात, तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला आणि माउलींची भवानी पेठेत. तेव्हा अख्खं शहर केळी आणि बिस्किटं वाटतं, आणि अर्धी रस्त्यावर पडतात. त्याऐवजी दिंडीच्या विणेकऱ्यांना नाहीतर दिंडी चालवणाऱ्यांना आदल्या दिवशी गाठा. बहुतेक वेळा प्लॅस्टिकचा कागद, सुई-दोरा, पायाला लावायचं मलम, मोबाईल चार्ज करायला बोर्ड, बायकांना आंघोळीला बंद दाराची जागा, असलं काहीतरी हवं असतं. घर त्या बाजूला असेल तर बाथरूम उघडं करून द्या.

आणि ज्यांच्याकडे पैसे नाहीत त्यांच्यासाठी रक्तदान. वय १८ ते ६५, वजन निदान ४५ किलो, हिमोग्लोबिन साडेबारा, पुरुषांना तीन महिन्यांनी आणि बायकांना चार महिन्यांनी परत देता येतं. नाश्ता करून जा, उपाशी नको. गणपतीत आणि पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला शिबिरं भरपूर होतात, टंचाई असते ती मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत, कॉलेजं बंद आणि लोक गावाला. प्लेटलेट्स तर पाचच दिवस टिकतात. म्हणून शिबिराची वाट न बघता मे महिन्यात रक्तपेढीला फोन करा, कुठल्या गटाची गरज आहे ते विचारा आणि त्यांनी सांगितलेल्या दिवशी जा.