तीच तीन अक्षरे, वेगळे शब्द : छोट्या इंग्रजी शब्दांचे अर्थ मुलांना कसे शिकवावेत

परभणी जिल्ह्यातल्या आमच्या गावात तिसरी-चौथीची मुले इंग्रजी वाचू लागली की एक गल्लत हमखास होते : ‘सॉ’ म्हणजे पाहिले, या शब्दाच्या जागी ती ‘वॉज’ म्हणजे होता असे वाचतात. दोन्ही शब्दांत एस, ए आणि डब्ल्यू हीच अक्षरे आहेत, फक्त क्रम उलटा आहे. मराठीतही ‘मका’ उलटला की ‘काम’ होते, पण तिथे अक्षरांबरोबर उच्चारही सरळ उलटतो, म्हणून मुलाचा कान त्याला सावरून घेतो. इंग्रजीत एन, ओ, डब्ल्यू या तीन अक्षरांपासून नाऊ, वन आणि ओन असे तीन शब्द होतात आणि ओ-चा उच्चार प्रत्येक वेळी बदलतो. तेव्हा असे शब्द सुटे पाठ करून घेण्यापेक्षा त्यांचा गट करून अर्थासह शिकवणे अधिक उपयोगी पडते, असा माझा अनुभव आहे.

जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूचे चौकोन कापून प्रत्येकावर एक अक्षर लिहावे. एका वेळी तीनच अक्षरे द्यावीत. तीन निराळ्या अक्षरांचे 6 क्रम होतात. ते सहाही मुलांनी स्वतः लावून वहीत लिहावेत आणि अर्थ नसलेले क्रम शब्दकोशात पाहून खोडावेत. उरलेल्या प्रत्येक शब्दासाठी एक पत्रिका घ्यावी, तिच्या पुढच्या बाजूस शब्द लिहावा आणि मागे उच्चार व एक वाक्य लिहावे. देवनागरी उच्चार शब्दाखालीच लिहिला तर मूल तेवढाच वाचते आणि इंग्रजी अक्षरांकडे पाहतही नाही, म्हणून तो मागेच असावा.

पहिला गट टी, ई, ए यांचा घ्यावा. ‘टी’ म्हणजे चहा, ‘ईट’ म्हणजे खाणे आणि ‘एट’ म्हणजे खाल्ले. ‘ईट’मधले पहिले अक्षर ई उचलून शेवटी ठेवले की खाण्याची क्रिया भूतकाळात जाते, हे पत्रिका सरकवून दाखवावे. ‘आम्ही रोज भाकरी खातो’ आणि ‘काल आम्ही भाकरी खाल्ली’ ही दोन वाक्ये मुले लगेच करतात.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो ई, ए, आर यांचा गट, आणि त्याला दोन दिवस तरी द्यावेत. ‘इयर’ म्हणजे कान हे मुलांना ठाऊक असते, पण त्याच अक्षरांनी त्याच क्रमाने लिहिलेल्या शब्दाचा अर्थ धान्याचे कणीस असाही होतो. हे मुळात जुन्या इंग्रजीतले दोन वेगळे शब्द होते आणि काळाच्या ओघात त्यांचे रूप एकसारखे झाले. हुरड्याच्या दिवसांत आगटीभोवती बसून ज्वारीचे कणीस हातात देत हा अर्थ सांगितला की तो वेगळा पाठ करावा लागत नाही. ‘आर’ हे वुई, यू, दे यांच्याबरोबर येणारे क्रियापद आहे; पण सातबाऱ्यावर हेक्टरच्या शेजारी जो ‘आर’ असतो, त्याचेही इंग्रजी स्पेलिंग हेच आहे. 1 आर म्हणजे 100 चौरस मीटर, 100 आरांचा 1 हेक्टर आणि सुमारे 40 आरांचा 1 एकर. घरचा उतारा आणून मुलांना आपल्या शेताचे आर वाचायला लावावेत. तिसरा शब्द ‘एरा’ म्हणजे कालखंड किंवा शक. परंपरेने आपल्या पैठणशी जोडला गेलेला शालिवाहन शक इसवी सन 78 मध्ये सुरू होतो, आणि दिनदर्शिकेवर तो मुलांना दाखवता येतो. एका शब्दाला एकच मराठी अर्थ असतो ही समजूत या गटाने जशी दूर होते, तशी कोणत्याही यादीने होत नाही.

नाऊ, वन, ओन यांत ‘नाऊ’ म्हणजे आता, ‘ओन’ म्हणजे स्वतःचे आणि ‘वन’ म्हणजे जिंकले. या ‘वन’चा उच्चार एक या संख्येच्या शब्दासारखाच होतो, म्हणून ‘तो कुस्ती जिंकला’ असे वाक्य सोबत असलेच पाहिजे. त्यानंतर टी, डब्ल्यू, ओ घ्यावेत : ‘टो’ म्हणजे बंद पडलेला ट्रॅक्टर दुसऱ्याने ओढून नेणे आणि ‘टू’ म्हणजे दोन. या ‘टू’मधला डब्ल्यू मुका का, असे मूल विचारतेच, तेव्हा ट्वेल्व्ह, ट्वेंटी आणि ट्विन या दोनशी नाते असलेल्या शब्दांत तो अजून ऐकू येतो, हे सांगावे. टॉप, पॉट, ऑप्ट या गटात भोवरा आणि मडके प्रत्यक्ष दाखवता येतात. निवडणे हा ‘ऑप्ट’चा अर्थ मात्र वाक्यानेच कळतो.

परीक्षा घेताना सुट्या शब्दांचे अर्थ विचारू नयेत. गाळलेल्या जागेचे वाक्य द्यावे आणि गटातला योग्य शब्द निवडायला सांगावा. सॉ आणि वॉज यांची उलटापालट तरीही होत राहिली तर रागावू नये, कारण नव्या वाचकांत ती सर्रास आढळते; शब्द कोऱ्या कागदाने झाकून डावीकडून एकेक अक्षर उघडत जावे, म्हणजे नजर योग्य टोकाकडून निघते.

आठवड्याला दोनच गट घ्यावेत. तीन अक्षरांचे सगळे गट झाले की एस, टी, ओ, पी ही चार अक्षरे मुलांच्या हाती द्यावीत. त्यांचे 24 क्रम होतात आणि त्यांत स्टॉप, स्पॉट, पोस्ट, पॉट्स, टॉप्स, ऑप्ट्स असे सहा शब्द दडलेले आहेत. ते आधी न सांगता मुलांनाच शोधू द्यावेत.