जुन्या मिलिटरी जीपचा इन्शुरन्स कसा काढायचा, सांगली-साताऱ्याच्या जीपवाल्यांसाठी

फॉरेनला हौशी लोक वर्ल्ड वॉरची विमानं बाळगतात आणि त्यांचा इन्शुरन्सपण काढतात, आपल्याकडं ती हौस जीपवर भागते. कुणाच्या आजोबांनी लिलावात घेतलेली विलीज, कुणाची तशीच फोर्डनं बनवलेली जीपीडब्ल्यू, दोन्ही वर्ल्ड वॉरच्या जीपा, अलीकडच्या पोरांकडं लष्करातनं निघालेली जोंगा. गाडीवर लाखो रुपये घालतात आणि इन्शुरन्सचा विषय निघाला की "अहो एवढ्या जुन्या गाडीला कोण देतंय" म्हणून सोडून देतात. मिळतो की. फक्त ऑनलाइन मिळेल या आशेवर बसू नका, ॲपवर मॉडेलच्या लिस्टमध्ये विलीज एमबी सापडणार नाही, सरळ फाईल काखेत मारून ब्रँचमध्ये जायचं. चार सरकारी कंपन्यांपैकी जिचं ऑफिस तुमच्या गावात असेल तिथनं सुरुवात करा, नाहीतर जुना जाणता एजंट धरा.

फाईलमध्ये सगळ्यात आधी आरसी कुणाच्या नावावर आहे ते बघा. आपल्याकडं निम्म्या जीपा अजून आजोबांच्या नावावर आहेत आणि आजोबा जाऊन किती वर्षं झाली विचारू नका. मालक वारला की पॉलिसी तीन महिने किंवा तिची मुदत संपेपर्यंत, यातलं जे आधी येईल तेवढीच चालते. तेवढ्यात गाडी वारसाच्या नावावर करायची असते. फॉर्म ३१, मृत्यू दाखला, वारसाची कागदपत्रं, बाकी भावंडांची संमती. आता संमती म्हटलं की भाऊबंदकी आली, जीप कुणाला नको असते पण सही मागायला गेलं की सगळ्यांना तिची किंमत आठवते. तरी ते आधी उरका, कारण पंधरा लाखांचा ओनर-ड्रायव्हर अपघात विमा ज्याच्या नावावर आरसी आणि ज्याच्याकडं लायसन त्यालाच लागू होतो.

दुसरं, नंबर जुळतायत का. विलीजचा इंजिन नंबर ब्लॉकच्या उजव्या बाजूला ऑइल फिल्टरजवळ कोरलेला असतो, चेसी नंबर डाव्या चॅनेलवर, म्हणजे चेसीच्या डाव्या लांब दांड्यावर. फोर्डचा असेल तर डाव्या चॅनेलच्या वरच्या अंगाला, आणि फोर्डच्या नटबोल्टवर बारीक एफ असतो तो रॉकेल लावून पुसला की दिसतो. ग्रीस खरवडून काढा, नंबरची पेन्सिलनं छाप घ्या, आरसीशी ताडून बघा. मूळ २.२ लिटरचं पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलेल्या जीपा गल्लोगल्ली आहेत, आणि आरसीवर अजून पेट्रोलच. अशा गाडीचा क्लेम आला की पहिला आक्षेप तिथंच, त्यामुळं आधी आरटीओत नोंद करून घ्या मग पॉलिसी. पंजाब-हरियाणाकडची असेंबल केलेली जीप असेल तर नंबर नव्यानं ठोकलेला नाही ना ते मेकॅनिककडनं बघून घ्या, माझ्या मते नंबर संशयास्पद असेल तर गाडी स्वस्तात मिळाली तरी नको. आणि लष्कराची थेट लिलावातली गाडी असेल तर लष्करी खात्याचं फॉर्म २१ मधलं ओरिजिनल विक्री सर्टिफिकेट लागतं, त्याशिवाय सिव्हिल नोंदणीच होत नाही. तो कागद लॅमिनेट करू नका, जपून ठेवा.

आता थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा विमा. रस्त्यावर आणायची तर हा कायद्यानं लागतोच, गाडी १९४३ ची असो नाहीतर कालची. २०२२ च्या दरपत्रकाप्रमाणं १५०० सीसीच्या वरच्या खासगी गाडीला वर्षाला ७,८९७ रुपये अधिक जीएसटी, विलीज आणि जोंगा दोन्ही त्याच खान्यात, जोंगा तर जवळपास चार लिटरची आहे. व्हिंटेज म्हणून नोंदलेल्या खासगी कारला यात ५० टक्के सूट आहे. पण इथं एक गंमत आहे, व्हिंटेज नोंदणीच्या अर्जाला चालू पॉलिसी जोडावी लागते, म्हणजे पहिल्यांदा पूर्ण पैसे भरायचे आणि सूट नोंदणी झाल्यावर पुढच्या रिन्युअलला मागायची.

ही व्हिंटेज नोंदणी २०२१ च्या नियमांनी आली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली असावीत, चेसी, बॉडी, इंजिनात मोठा बदल नसावा. फी २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी. नवीन नोंदणीला व्हीए सिरीज मिळते, आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. हिशोब केला तर वर्षाला चार हजाराच्या आतबाहेर वाचतात म्हणजे पाच वर्षांत फी निघते, पण त्या बदल्यात गाडी रोज वापरता येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच बाहेर काढायची. दर रविवारी पोरांना घेऊन दंडोबाला जाणाऱ्यानं या भानगडीत पडू नये असं मला वाटतं. जोंगावाल्यांनी तर विचारच करू नका, तुमची सिव्हिल नोंदणी झाल्याला ५० वर्षं व्हायला बराच वेळ आहे.

खरी कुस्ती पुढं आहे, ओन डॅमेजची, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्याची. काउंटरवरचा माणूस कॉम्प्युटरमध्ये साल टाकतो आणि गाडीची किंमत दाखवतो पन्नास हजार नाहीतर शून्य. तिथं गप्प बसायचं नाही. पाच वर्षांपेक्षा जुन्या आणि बंद झालेल्या मॉडेलची आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) ही कंपनी आणि मालक यांच्यातल्या समजुतीनं ठरवायची असते, हे मोटर टॅरिफमध्येच, म्हणजे गाड्यांच्या विम्याच्या दर-नियमांतच आहे. पण समजूत तोंडी नको. मान्यताप्राप्त व्हॅल्युअरचा रिपोर्ट घ्या, रिस्टोरेशनची बिलं लावा, फोटो द्या, आणि ठरलेला आकडा पॉलिसीवर छापून आल्याशिवाय चेक देऊ नका. फोटो चारी बाजूंचे तर घ्याच, पण डॅशबोर्डवरच्या पितळी डेटा प्लेटा, जेरी कॅनचा स्टँड, टायर, इंजिन आणि दोन्ही नंबर जवळनं काढा. कुणी जुनं टॅरिफ दाखवून व्हिंटेजची २५ टक्के सूट सांगितली तर हुरळून जाऊ नका, त्यात व्हिंटेज म्हणजे ३१ डिसेंबर १९४० च्या आधी बनलेली कार आणि विलीज एमबी बनायला लागली १९४१ ला. थोडक्यात हुकलं.

आता आयडीव्ही मनासारखी लागली तरी एक गोष्ट समजून घ्या. छोट्या क्लेममध्ये घसारा कापतात, दहा वर्षांवरच्या गाडीच्या पत्र्याला ५० टक्के, रबर, टायर, बॅटरीलाही ५० टक्के, वर सुरुवातीचे २,००० तुमच्या खिशातले. म्हणजे मडगार्ड चेपलं तर निम्मे पैसे हातात. मोठ्या आयडीव्हीचा खरा उपयोग चोरी, आग आणि टोटल लॉसला, म्हणजे गाडी पूर्णच गेली तर. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की टोटल लॉस धरतात, म्हणून आकडा कमी लावून हप्ता वाचवला तर साध्या धडकेतपण गाडी भंगारात काढायला निघतील.

सांगलीत राहणाऱ्यांनी पुराचं वेगळं बघा. २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५. गाडी वापरत नाही म्हणून काहीजण लायबिलिटीबरोबर (म्हणजे थर्ड पार्टीबरोबर) फक्त आग-चोरीचं कमी कव्हर घेतात, त्यात पूर येत नाही, गावभागात गॅरेज असेल तर हे कव्हर काय कामाचं? पूर्ण ओन डॅमेजच घ्या. तरीसुद्धा पाणी गेलेल्या गाडीला सेल्फ मारला आणि कनेक्टिंग रॉड वाकला तर ते नुकसान नाकारतात, इंजिन प्रोटेक्ट ॲडऑन (इंजिनाचं जादा कव्हर) एवढ्या जुन्या गाडीला मिळणं अवघड. पाणी ओसरलं की बॅटरीची वायर काढा, फोटो काढा, कंपनीला कळवा, सर्व्हेअर येईपर्यंत हात लावू नका.

वापराचंही बघा. खासगी पॉलिसीत भाड्यानं देणं चालत नाही. मित्राच्या पोराची वरात काढली तर ठीक, पण प्री-वेडिंग शूटला पैसे घेऊन दिली आणि वाटेत धडकली तर क्लेम विसरा. शर्यत, स्पीड टेस्टिंग, रिलायबिलिटी ट्रायल हेही बाहेर. रॅलीला जाणार असाल तर आधी एंडोर्समेंट, म्हणजे पॉलिसीवर तशी नोंद करून घ्या. आणि वर्ल्ड वॉरच्या जीपा लेफ्ट हँड ड्राइव्ह, त्यामुळं कायद्यानं चालू स्थितीतला सिग्नल लागतो, ओरिजिनल दिसावी म्हणून इंडिकेटर काढून टाकणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवा. ऑटोमोबाईल असोसिएशनच्या मेंबरला सूट असते म्हणतात ती खरी आहे, जास्तीत जास्त २०० रुपये, चहापाणी सुटेल.

पॉलिसीची तारीख शक्यतो एप्रिल-मे मध्ये येईल अशी बघा. खंड पडला की ओन डॅमेजसाठी परत गाडीची तपासणी लागते, आणि जुलैमध्ये कृष्णेचं पाणी चढायला लागल्यावर इन्स्पेक्शनला माणूस बोलवला तर तो येणार कधी आणि कंपनी रिस्क घेणार कधी.