जुन्या गेमसाठी वायरलेस कंट्रोलर घेताय? या चुका टाळा

चतुर्थीला गोव्यात डिचोलीच्या आमच्या मूळ घरी वीसेक माणसं जमतात. दुपारची जेवणं आटोपली की मोठी माणसं आडवी होतात आणि मुलं हॉलमधल्या टीव्हीपुढे ठाण मांडतात. तिथे मी रास्पबेरी पाय ४ या छोट्या कॉम्प्युटरवर जुन्या गेमचा डबा लावून ठेवलाय. लावला त्या पहिल्याच वर्षी पुतण्या ‘कॉन्ट्रा’ खेळायला बसला आणि पहिल्या लेव्हललाच सारखा मरू लागला. “काका, हा सरळ गोळी मारतच नाही, खाली मारतो!” अगदी रडकुंडीला आला होता. मी त्याच्या अंगठ्याकडे बघितलं. अंगठा उजवीकडेच होता, पण स्क्रीनवरचा सैनिक बंदूक तिरकी खाली धरून पळत होता. पोराचं काही चुकलं नव्हतं. दिसायला देखणा म्हणून मी घेतलेला कंट्रोलरच चुकीचा होता.

तेव्हापासून कोणीही कंट्रोलरबद्दल विचारलं, की मी आधी डी-पॅडचं, म्हणजे दिशा द्यायच्या अधिकच्या चिन्हासारख्या बटणाचं बोलतो.

काडी बघून कंट्रोलर घेऊ नका

आजच्या गेम अंगठ्याने फिरवायच्या ॲनालॉग काडीवर चालतात, म्हणून जाहिरातीतही काडीचंच कौतुक असतं. हॉल इफेक्टच्या काड्या चुंबकावर चालतात, त्यामुळे झिजून आपोआप सरकायला लागत नाहीत, ही गोष्ट खरी आहे. पण ८-बिट आणि १६-बिटच्या जुन्या गेममध्ये सगळा खेळ डी-पॅडवर असतो. निन्टेन्डोच्या गुनपेई योकोई यांनी ते १९८२ च्या ‘डाँकी काँग’ गेम अँड वॉच या हातात धरून खेळायच्या गेमसाठी घडवलं. पुढच्याच वर्षी निन्टेन्डोच्याच फॅमिकॉम या टीव्हीगेमच्या कंट्रोलरवर ते आलं आणि त्यानंतरच्या कितीतरी गेम त्याच्याच हिशेबाने बांधल्या गेल्या.

डी-पॅड म्हणजे वर एक प्लास्टिकचा तुकडा, मधोमध टेकू आणि खाली रबराचे चार ठिपके. टेकू ठेंगणा असला किंवा रबर फार मऊ असलं, की उजवीकडे दाबताना खालचा ठिपकाही टेकतो आणि गेमला ‘उजवीकडे-खाली’ असा हुकूम जातो. ‘कॉन्ट्रा’त बंदूक खाली वळते, ‘मारिओ’त मोठा झालेला मारिओ ऐन उडीच्या वेळी खाली बसतो. आपल्याला वाटतं हात बसला नाही अजून. मुलं तर दोन दिवसांत कंटाळून उठतात, आणि मला याचंच सगळ्यात वाईट वाटतं.

ही परीक्षा घरी पाच मिनिटांत होते. विंडोजवर रन उघडून joy.cpl टाइप केलं, किंवा नुसतं ‘गेम कंट्रोलर’ असं सर्च केलं, तरी बटणं तपासायची खिडकी मिळते. मोबाइलवर गेमपॅड टेस्टरचं एखादं ॲप चालेल. उजवी बाजू दहा सेकंद दाबून धरा आणि अंगठा जागच्या जागी थोडा वर-खाली डोलवा, खेळताना डोलतो तेवढाच. मधूनच ‘खाली’ उमटत असेल तर परत करण्याची मुदत आहे तोवर परत करा. मग उलटी परीक्षा: खालून उजवीकडे अंगठा घसरवत न्या. मधली तिरकी दिशा दर वेळी उमटलीच पाहिजे, नाहीतर ‘स्ट्रीट फायटर’मध्ये हाडोकेन हा ऊर्जेचा गोळा सुटणार नाही. नको तेव्हा तिरकं जाऊ नये आणि हवं तेव्हा गेल्याशिवाय राहू नये, एवढंच बघायचं.

माझं मत विचाराल तर मारिओ-कॉन्ट्रा पठडीच्या गेमसाठी ८बिटडू कंपनीच्या एसएन३० प्रोसारखा चपटा कंट्रोलर हाताला बरा बसतो. सेगाच्या आणि मारामारीच्या गेम जास्त खेळणार असाल तर त्यांचाच एम३० घ्या, कारण त्यावर समोर सहा बटणं आहेत. तीन ठोसे आणि तीन लाथा चार बटणांत कोंबून दोन खांद्यावरच्या बटणांवर टाकल्या, की जुन्या सवयीचा हात गोंधळतो. घरात प्लेस्टेशन ४ चा कंट्रोलर पडून असेल तर आधी तोच वापरून बघा, नवीन घ्यायची घाई नको.

“ब्लूटूथ असणारच की” हा भरवसा

वायरलेस म्हणजे ब्लूटूथच असं नसतं. एक्सबॉक्स वनच्या सुरुवातीच्या कंट्रोलरमध्ये ब्लूटूथ नाही. ते मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या वायरलेसवर चालतात आणि कॉम्प्युटरला जोडायला वेगळा डोंगल, म्हणजे यूएसबीत खोचायचा छोटा रिसीव्हर लागतो. ब्लूटूथ आलं २०१६ च्या वन एस मॉडेलपासून. सेकंडहँड घेताना मधलं गोल एक्सबॉक्स बटण बघा: त्याच्या भोवतीचं प्लास्टिक पुढच्या भागाशी एकसंध असेल तर ब्लूटूथ आहे, वरच्या चकचकीत पट्टीत ते बटण बसवलेलं असेल तर नाही.

डब्याचंही तेच. रास्पबेरी पाय २ मध्ये ब्लूटूथ नाही, ३ पासून आहे. जुना डेस्कटॉप वापरत असाल तर कंट्रोलरबरोबर स्वतःचा २.४ गिगाहर्ट्झचा डोंगल येतो तो प्रकार घ्या. डोंगल लावला की काम झालं, पेअरिंगची कटकट नाही.

“जोडलाच जात नाही” म्हणून जे फोन येतात, त्यांत कंट्रोलर खराब असल्याचं क्वचितच निघतं. एसएन३० प्रो चालू करताना स्टार्टबरोबर एक्स दाबला तर तो विंडोजचा होतो, बी दाबला तर अँड्रॉइडचा, वाय दाबला तर निन्टेन्डो स्विचचा. मोड बदलला की पुन्हा पेअर करावा लागतो. प्लेस्टेशन ४ चा कंट्रोलर शेअर आणि पीएस ही दोन बटणं एकत्र दाबून दिवा भराभर लुकलुकेपर्यंत धरायचा. नुसतं पीएस दाबलं तर तो आधीच्या जोडीदाराला शोधत राहतो. आमच्याकडे एकदा अर्धा तास गेला, आणि कंट्रोलर शेजारच्या खोलीतल्या भाचीच्या मोबाइलला जोडलेला निघाला. एक्सबॉक्स सिरीजचा नवा कंट्रोलर रास्पबेरी पायला जोडण्याआधी विंडोजवर त्याचा फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करून घ्या.

अर्ध्या किमतीत मिळणारा ‘फर्स्ट कॉपी’ मीही एकदा एका दुकानातून घेतला होता. मोबाइलला तो लगेच जोडला गेला, पण पायवर दर दहा मिनिटांनी तुटायचा. पैसे वाया गेले.

लॅग दिसला की कंट्रोलरला दोष देणं

जुन्या गेम सेकंदाला ६० चित्रं दाखवतात, म्हणजे एक चित्र साधारण १६.७ मिलिसेकंदांचं. तीन-चार चित्रांचा उशीर, म्हणजेच लॅग, अंगठ्याला लगेच कळतो. पण तो होतो कुठे, हे आधी शोधा. ज्या कंट्रोलरला केबलनेही खेळता येतं, तो केबलने जोडून तीच उडी मारून बघा. उशीर तसाच राहिला तर वायरलेसचा काही संबंध नाही. टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘गेम मोड’ चालू करा. चित्र गुळगुळीत करायच्या नादात टीव्ही प्रत्येक चित्र थोपवून धरतो. आवाज ब्लूटूथ स्पीकरवर असेल तर उडीचा आवाज उशिरा येतो आणि उडीच उशिरा पडली असं वाटतं. अशा वेळी आवाज टीव्हीवरच ठेवा.

केबलने नीट चालतं आणि वायरलेसवर अडखळतं, असं असेल तर डबा कुठे ठेवलाय ते बघा. टीव्हीच्या पाठीमागे, धातूच्या केसमध्ये, बाजूला राउटर: आमच्याकडे तिन्ही गोष्टी होत्या. त्यात समोर मुलं दाटीवाटीने बसलेली. माणसाच्या अंगात पाणीच जास्त, आणि २.४ गिगाहर्ट्झची लहर पाण्यात शोषली जाते. डबा टीव्हीच्या पुढे, मुलांच्या डोक्यांपेक्षा उंच ठेवला आणि अडखळणं थांबलं. पाय ४ ची निळी यूएसबी ३.० पोर्टंही याच पट्ट्यात गोंगाट करतात, म्हणून डोंगल काळ्या पोर्टात, आणि जमलं तर हातभर एक्स्टेंशन केबल लावून. खेळ चालू असताना वाय-फायवरून फाइली कॉपी करू नका, कारण पायचं वाय-फाय आणि ब्लूटूथ एकाच चिपवर आहे.

जुन्या टीव्हीगेमला प्लग बसतो म्हणून लावणं

माळ्यावरून कॅसेटवाला टीव्हीगेम काढलात तर एवढं जपा. नव्वदच्या दशकात आपल्याकडे आलेल्या फॅमिकॉमच्या नकलांपैकी कितीतरींना नऊ पिनांचा प्लग आहे. सेगा मेगा ड्राइव्हलाही नऊच पिना, पण आतल्या वायरी वेगळ्या. एकासाठीच्या वायरलेस कंट्रोलरचा रिसीव्हर दुसऱ्याला लावलात तर बटणं चालणार नाहीत, आणि बिघाडही होऊ शकतो. रिसीव्हर घेताना कन्सोलचं नाव वाचून घ्या. मेगा ड्राइव्हची एखादी जुनी गेम सहा बटणांच्या पॅडवर विचित्र वागली, तर मोड बटण दाबून धरून कन्सोल चालू करा, पॅड तीन बटणांचा होतो. सोबतची बंदूक मात्र एलसीडी टीव्हीवर चालणार नाही, तिला काचेच्या ट्यूबचाच टीव्ही लागतो.

पावसाळ्यात कंट्रोलर तसाच टाकून देणं

गोव्यात जून ते सप्टेंबर कपाटातल्या चामड्यालाही बुरशी धरते. बटणांखालचे ठिपके आणि सेलच्या स्प्रिंगा त्यातून कशा सुटतील? सेलवर चालणाऱ्या कंट्रोलरमधले सेल काढून ठेवा. एका वर्षी मी विसरलो आणि स्प्रिंगेवर हिरवट-पांढरा थर चढला. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश घेऊन घासला, पण एक स्प्रिंग बदलावीच लागली. आतली बॅटरी असलेला कंट्रोलर पूर्ण रिकामा ठेवू नका, साधारण अर्धा चार्ज करून झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा आणि महिन्या-दोन महिन्यांनी एकदा बघा. टाइप-सी असूनही काही कंट्रोलर दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलने चार्जच होत नाहीत; एक टोक साध्या यूएसबीचं असलेली केबल लावून बघितल्याशिवाय बॅटरी गेली असं म्हणू नका.

आता आमच्या घरी चतुर्थीच्या आदल्या दिवशी, मोठी माणसं गणपतीच्या वर फळापानांची माटोळी बांधत असतात तेव्हा, पुतण्याच दोन्ही कंट्रोलर डब्यातून काढून चार्जिंगला लावतो. पहिला ज्याचा चालू होईल तो प्लेअर १, हे त्याला पक्कं ठाऊक आहे, म्हणून स्वतःचा तो आधी चालू करतो.