गावात डूला व्हायचंय तं आधी कंबर धरायला शिका

डूला म्हणजे दाई नाही, हे पहिले पक्कं करा. नाळ कापणं, आतून तपासणं, इंजेक्शन, पोट दाबून लेकरू खाली ढकलणं, यातलं काहीच आपलं काम नाही. आपलं काम एकच, कळा सुरू झाल्यापासून लेकरू अंगावर पिईपर्यंत त्या बाईले एकटं पडू द्यायचं नाही. अन् हे काम लहान नाही बरं, २०१७ च्या कॉक्रेन रिव्ह्यूत, म्हणजे बरेच अभ्यास एकत्र करून केलेल्या तपासणीत, १७ देशांतल्या १५ हजारांवर बायांचा हिशोब आहे, सतत कोणी सोबत असलं तं सिझर कमी होते.

सुरुवात आशाताईपासून करा, तिच्यासंग गरोदर बायांच्या घरी जा. सातव्या महिन्यापासून ओळख पाहिजेच, ऐन कळांत अनोळखी हात कोणालेच नको असते. ऑनलाइन कोर्स भेटतात, करा, पण सर्टिफिकेट पाहून लेबर रूमचं दार उघडत नाही. सरकारी दवाखान्यात सोबतीण चालते, पण २०१६ च्या केंद्राच्या सूचनेत ती नात्यातली बाई पाहिजे, शक्यतो स्वतः बाळंत झालेली. मले एका दवाखान्यातून दारातूनच परत केलं होतं, आत पोरगी ओरडत होती अन् मी बाहेर बाकड्यावर बसून, लय जीव तुटला. तवापासून मी गरोदर बाईच्या मायले नाहीतर सासूलेबी सगळं शिकवूनच ठेवते.

शिकवायचं काय, तं कंबर. कळ आली की माकडहाडाच्या जरा वर, दोन खळग्यांच्या मधात, तळहाताचा मनगटाकडचा भाग टेकवून अंगाचा भार द्या, चोळू नका, दाबून धरा, कळ गेली की सोडा, जोर किती ते तिलेच विचारा. मागच्या पोळ्याले एका पहिलटकरणीची कंबर पाच तास धरली, माझ्या हाताले मुंग्या आल्या पण ती म्हणे काकू हात काढू नका. मधामधात घोट घोट पाणी, चालवणं, डाव्या कुशीवर निजवणं.

रक्त जास्त गेलं, झटके आले, डोकं दुखून डोळ्यापुढं अंधारी आली, पाणी हिरवट गेलं, लेकरू हलणं कमी झालं, तं कंबर धरत बसू नका, १०८ लावा. पावसाळ्यात नाल्याले पूर येणारं गाव असन तं तारखेच्या आधीच तिले रस्त्यावरच्या गावात पाहुण्याकडं ठेवा.

लेकरू झालं की सगळे फोनवर लागतात, तवा आपण तिच्यापाशीच थांबायचं, पहिल्या तासात लेकरू छातीशी लावायचं. चीक पिळून फेका म्हणणारी एखादी आजी असतेच, तिले गोडीनं समजवा, चीकच पाजायचा.