पी-अॅडिक कोहोमॉलॉजीत नवीन असाल तर: क्ष च्या जागी १ घालायच्या आधी थांबा

कॉम्प्लेक्स अॅनालिसिस येतं, पी-अॅडिक नंबर माहीत आहेत, डी राम कोहोमॉलॉजी एकदा तरी शिकून झालीय, असं धरून लिहितेय. त्यातलं काही राहिलं असेल तर आधी ते करा, हा विषय कुठे पळून जात नाही. आणि ते सगळं येत असूनही पहिले काही महिने आपण मठ्ठ आहोत असं वाटणारच, मला तर अजूनही सेमिनारमध्ये पहिल्या दहा मिनिटांनंतर तसंच वाटतं.

सगळ्यात आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. प्रिझमॅटिक कोहोमॉलॉजीपासून (वेगवेगळ्या पी-अॅडिक कोहोमॉलॉजी एका छताखाली आणणारी नवी थिअरी) सुरुवात करू नका. भट्ट आणि शोल्झ यांचं काम भारी आहे यात वाद नाही, पण ते ज्या प्रश्नांचं उत्तर आहे ते प्रश्नच तुम्हाला अजून पडलेले नाहीत. मी सुरुवातीला हाच शहाणपणा केला होता, फॅशनमध्ये आहे ते शिकायचं, आणि चार महिन्यांनी माझ्याकडे व्याख्यांची वही भरलेली होती आणि एकही उदाहरण नव्हतं. मग गाइडनी शांतपणे सांगितलं की ड्वर्कपासून सुरुवात कर. मला अपमान वाटला होता, जुनाट गोष्ट हातात दिल्यासारखा.

ड्वर्कची गोष्ट थोडक्यात: वेलनी १९४९ मध्ये फायनाइट फील्डवरच्या सोल्यूशन्सच्या संख्येबद्दल अंदाज मांडले, त्यातला झीटा फंक्शन (या संख्यांपासून बनवलेली सिरीज) रॅशनल असण्याचा भाग ड्वर्कनी १९६० मध्ये सिद्ध केला, तेही कोहोमॉलॉजीची कुठलीही थिअरी न वापरता, निव्वळ पी-अॅडिक पॉवर सिरीजवर. त्यात एक फंक्शन आहे, आणि त्या फंक्शननी माझे तीन आठवडे खाल्ले. ते नीट सांगते, कंटाळा आला तरी वाचा, कारण बाकी सगळं त्याच्यावरच उभं आहे.

एक्स्पोनेन्शियल सिरीज घ्या. कॉम्प्लेक्समध्ये ती सगळीकडे चालते कारण खाली एन फॅक्टोरियल असतो आणि तो राक्षसासारखा वाढतो. पी-अॅडिकमध्ये उलटा कारभार, एन फॅक्टोरियलमध्ये पी पुन्हा पुन्हा येतो, म्हणून तो बारीक असतो, आणि खाली बारीक आला की टर्म मोठी होते. म्हणजे वाय' = वाय हे जगातलं सगळ्यात साधं समीकरण, पूर्ण प्रतलावर कुठेही सिंग्युलॅरिटी नाही, तरी त्याचं सोल्यूशन एका छोट्या डिस्कच्या बाहेर जात नाही. कॉम्प्लेक्समध्ये आपल्याला सवय असते की सोल्यूशन जवळच्या सिंग्युलॅरिटीपर्यंत आरामात पोचतं. ती सवय इथे सोडायची, आणि ती सुटता सुटत नाही.

मग ड्वर्क काय करतो, पाय नावाचा एक नंबर घेतो (वर्तुळाचा पाय नाही, तो विसरा) ज्याचा पी-१ वा घात -पी येतो. एक्स्प(पाय क्ष) ची सिरीज आता क्ष चं माप (पी-अॅडिक अॅब्सोल्यूट व्हॅल्यू) १ पेक्षा कमी असेल तिथे चालते, बरोबर १ ला बंद पडते. आणि मग तो एक्स्प(पाय(क्ष - क्ष^पी)) घेतो, ते सगळं उलगडून क्ष ची एकच सिरीज करतो, आणि ती सिरीज १ च्याही थोड्या पलीकडे चालते. म्हणजे क्ष = १ घालायला परवानगी आहे.

घाला. काय येईल? मी लगेच म्हटलं, १ - १ = शून्य, एक्स्प(शून्य) = १, विषय संपला.

चूक. येतं ते १ चं पी वं मूळ, आणि ते १ नाहीये.

मी हे मान्यच केलं नाही. माझ्या हिशोबाने किंमत १ होती आणि ड्वर्क त्याच किमतीवरून कॅरेक्टर (बेरजेचा गुणाकार करणारं फंक्शन) बनवतो, त्यामुळे सगळे कॅरेक्टर ट्रिव्हियल, सगळ्या एक्स्पोनेन्शियल सम (त्यांच्या किमतींच्या बेरजा) निरर्थक, पुरावा कोसळला. आणि मी चक्क सेमिनारमध्ये उभी राहून सांगितलं की मला वाटतं इथे गॅप आहे. १९६० पासून कोणाला न दिसलेला गॅप, मला दिसला. कोणी हसलं नाही, ते जास्त वाईट होतं. एका सीनियरनी "हे ब्लॅक बॉक्स म्हणून घे आणि पुढे चल" असा सल्ला दिला, या विषयात मला मिळालेला सगळ्यात वाईट सल्ला. गाइडनी मात्र फक्त म्हटलं, पी = २ घे आणि बेरीज कर.

तर पी = २. पाय म्हणजे सरळ -२. फंक्शन झालं एक्स्प(-२क्ष + २क्ष²). कोएफिशियंट काढा, डिफरन्शियल इक्वेशनमधून रिकरन्स मिळतो, पाच मिनिटांचं काम: १, -२, ४, -१६/३, २०/३, -१०४/१५... क्ष = १ ला नुसती यांची बेरीज करत जायचं. पहिल्या पाच टर्मची बेरीज १३/३. आता ही १ च्या जवळ आहे की -१ च्या? १३/३ - १ = १०/३, यात २ एकदाच जातो. १३/३ + १ = १६/३, यात २ चार वेळा जातो. २-अॅडिक मापाने बेरीज -१ कडे चाललीय. पुढे -१ पासूनच्या फरकात २ किती वेळा जातो ते सारखं वाढत नाही, तीनवर घसरतं, परत चारवर येतं, पण नऊ टर्मनंतर १२९६/३१५ इतका फरक राहतो आणि १२९६ म्हणजे १६ गुणिले ८१. हीच अपूर्णांकांची यादी, हीच बेरीज, रिअल नंबरमध्ये केली तर १ ला जाते आणि २-अॅडिकमध्ये -१ ला. त्या दिवशी मी दुसरं काही करूच शकले नाही.

मग "आधी आत १ घातला" तर चुकतं कुठे? आतली किंमत शून्य असणं पुरेसं नसतं. सिरीजमध्ये सिरीज घालून उलगडताना टर्म्सची फेररचना होते, आणि ती चालायला आतल्या प्रत्येक टर्मचं माप सुटं सुटं बघावं लागतं, त्यांची वजाबाकी होऊन जे उरतं ते नाही. क्ष चं माप १ आणि क्ष^पी चं पण १, दोघं एकमेकांना खाऊन शून्य देतात हे खरं, पण सुट्टे ते एक्स्प(पाय...) च्या बरोबर काठावर उभे आहेत. पी = २ ला तपासा: २^एन भागिले एन फॅक्टोरियल, यात २ किती वेळा जातो? एन बायनरीत लिहिल्यावर जितके १ येतात तितके वेळा. म्हणजे एन = ४ ला १६/२४ = २/३, एकदा. एन = ८ ला २/३१५, परत एकदा. १६ ला, ३२ ला, तेच. टर्म्स शून्याकडे जातच नाहीत, मग फेररचनेचा हक्क कुठून आणणार. कॉम्प्लेक्समध्ये हा प्रश्न कधी पडत नाही म्हणून आपण तो विचारायलाच शिकलेलो नसतो. नियम एका ओळीचा आहे आणि बहुतेक नोट्समध्ये असतोही, मी ती ओळ वाचली होती, खाली पेन्सिलीने रेघ पण मारली होती.

हे एकदा पचलं की फ्रोबेनियस स्ट्रक्चर हा शब्द घाबरवत नाही. वाय' = पाय·वाय चं सोल्यूशन एक्स्प(पाय क्ष) काठावर मरतं, क्ष च्या जागी क्ष^पी घातलेलं सोल्यूशनही तिथेच मरतं, पण दोघांचा भागाकार पलीकडे जातो. झालं, हेच फ्रोबेनियस स्ट्रक्चर. लजांड्र फॅमिलीच्या (एलिप्टिक कर्व्हचं एक कुटुंब) हायपरजिओमेट्रिक समीकरणातही ड्वर्कनी हाच भागाकार बघितला. नंतर रोबा रिंग, आंद्रे, मेबखूट आणि केडलाया यांनी स्वतंत्रपणे सिद्ध केलेलं लोकल मोनोड्रोमी थिअरम वगैरे येईल तेव्हा हा भागाकार डोक्यात असू द्या, अर्धी लढाई तिथेच जिंकाल.

ओव्हरकन्व्हर्जंट हा शब्द पण याच घरातला. बंद डिस्कवर सिग्मा पी^एन क्ष^(पी^एन - १) घ्या, कोएफिशियंट शून्याकडे जातात, सगळं छान. इंटिग्रेट करा, सिग्मा क्ष^(पी^एन), कोएफिशियंट सगळे १, गेलं. असे असंख्य फॉर्म निघतात ज्यांना अँटिडेरिव्हेटिव्ह नाही, त्यामुळे साध्या डिस्कची एच-वन इन्फिनाइट डायमेन्शनल होऊन बसते. मॉन्स्की आणि वॉशनिट्झर यांनी १९६८ मध्ये उपाय काढला तो म्हणजे काठाच्या जराशा पलीकडे चालणाऱ्याच सिरीज घ्यायच्या. तिथे रिंगच्या डोक्यावर काढलेला डॅगर († हे चिन्ह) दिसला की शोभेचा समजू नका, सगळा विषय त्या डॅगरवर टांगलेला आहे.

कोड लिहून शिकायचं असेल तर जरूर लिहा, माझ्या मते दहा लेक्चरपेक्षा ते बरं. केडलायाचा २००१ चा हायपरएलिप्टिक कर्व्हवरचा अल्गोरिदम मॉन्स्की-वॉशनिट्झरवरच चालतो, सेज या गणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये तयार आहे, पण आधी स्वतः लिहून मग ताडून बघा. मी वाय² = क्ष³ + क्ष + १ हा कर्व्ह मॉड ५ घेतला. माझ्या कोडनी ट्रेस (पी + १ मधून पॉइंटची संख्या वजा केली की उरतो तो) २ दिला, म्हणजे पॉइंट ६ - २ = ४. हाताने मोजले तर इन्फिनिटी धरून ९. दोन दिवस बग शोधला, बग नव्हताच. मी एकच ५-अॅडिक अंक ठेवला होता, आणि मॉड ५ मध्ये २ आणि -३ एकच. हासची मर्यादा (ट्रेस किती मोठा असू शकतो ती) सुमारे ४.४७, दोन्ही आत बसतात, त्यामुळे एका अंकावरून फरक कळणारच नाही. दुसरा अंक घेतला की २२ येतं, मॉड २५ मध्ये ते -३, आणि ६ + ३ = ९. शिवाय रिडक्शन (फॉर्म बेसिसमध्ये आणणं) करताना मध्ये पी नी भागावं लागतं तिथे अंक गळतात, म्हणून हवेत त्यापेक्षा जास्तच घेऊन निघा.

गाइडबद्दल एकच मत, पटलं तर घ्या. नाव किती मोठं यापेक्षा तुमच्यासमोर फळ्यावर चुका करतो का ते बघा. माझे गाइड चिन्हात दर तासाला चुकतात आणि मोठ्याने "थांब थांब" म्हणून पुसतात, त्यातून मी जितकं शिकले तितकं स्वच्छ लेक्चरमधून नाही. ज्याच्यासमोर "मला हे कळलं नाही" म्हणायला भीती वाटते त्याच्याकडे राहू नका. बदलता येत नसेल तर निदान एखादा सोबती शोधा ज्याला विचारायला लाज वाटणार नाही. आणि गॅप सापडल्याची घोषणा माझ्यासारखी भर सेमिनारमध्ये करू नका, पण केलीत तरी लोक आठवड्यात विसरतात, खरंच.

आता पी = ३ तुम्ही करा. पाय चा वर्ग -३, त्यामुळे प्रत्येक टर्म दोन भागांत लिहावी लागते, जरा किचकट आहे. उत्तर १ चं घनमूळ येणार हे माहीतच आहे, पण दोनपैकी कुठलं ते ओळखताना जपून. (-१ - पाय) भागिले २ येतं, अधिक पाय वालं नाही. १ + पाय शी मॉड ३ जुळवताना भागिले २ म्हणजे गुणिले -१ होतं आणि चिन्ह उलटतं, माझ्या वहीत ते दोनदा खोडलेलं आहे.