ओहोटीच्या खडकांवर प्रवाळांची नोंद कशी घ्यावी

मुंबईच्या किनाऱ्यावर प्रवाळ आहेत, हे अनेक मुंबईकरांना कळले ते २०२० मध्ये, सागरी किनारा मार्गाच्या कामासाठी हाजी अली व वरळी येथील प्रवाळांच्या १८ वसाहती (एकत्र वाढलेल्या प्रवाळजीवांचे समूह) दुसऱ्या खडकांवर हलवण्यात आल्या तेव्हा. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा नागरिकांचा गट मात्र २०१७ पासूनच शहराच्या किनाऱ्यावरील जीवांची नोंद करीत आहे. अशा नोंदींत भर घालण्यासाठी पोहता यावे लागत नाही; ओहोटीची वेळ तेवढी साधावी लागते.

अमावास्या किंवा पौर्णिमेनंतरचे एक-दोन दिवस निवडावेत, कारण उधाणाच्या त्या दिवसांत पाणी सर्वांत लांब हटते. तिथीची पाऊणपट केली की मुंबईत भरतीची स्थूल वेळ मिळते, या जुन्या हिशेबाने द्वितीयेची भरती दुपारी दीडला आणि तिच्या सुमारे सव्वासहा तास आधीची ओहोटी सकाळी सव्वासातच्या सुमारास येते. तरीही भरती-ओहोटीचे कोष्टक पाहावेच. ओहोटीच्या तासभर आधी पोहोचावे, पाणी वळताच परतावे. बूट जाड तळाचे असावेत, कारण खडकांवरील कालवांच्या कडा पाय कापतात.

प्रवाळाच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवाले त्याला अन्न आणि रंग देतात; पाणी फार तापले की ती निघून जातात व प्रवाळ पांढरा पडतो. हा बदल मोजण्यासाठी क्वीन्सलँड विद्यापीठाच्या ‘कोरलवॉच’ उपक्रमाचा रंगतक्ता वापरावा. त्यात बी, सी, डी, ई अशा चार रंगांच्या प्रत्येकी सहा पायऱ्या असतात, १ सर्वांत फिकी आणि ६ सर्वांत गडद. वसाहतीचा सर्वांत फिका व सर्वांत गडद भाग तक्त्याशी जुळवून ‘डी२, डी५’ असे लिहावे. गाळ साचलेली जागा टाळावी. तो हाताने पुसू नये. फोटोवरून घरी रंग ठरवण्याचा मोह होतो, पण कॅमेरा रंग बदलतो, म्हणून नोंद जागेवरच करावी.

इतर जीवांचे दोन-तीन कोनांतून फोटो काढून ते तारीख आणि अचूक स्थळासह आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकावेत. नाव ठाऊक नसल्यास ‘समुद्री गोगलगाय’ एवढेही पुरते. पुढची ओळख जाणकार पटवतात. कोन शंख हातात घेऊ नये, त्याचा दंश विषारी असतो. प्रवाळ वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत असल्याने त्याचा तुकडाही उचलता येत नाही. उलटलेला दगड पुन्हा होता तसाच ठेवावा.

दुर्मीळ जीवाच्या एका फोटोपेक्षा त्याच खडकावर दर महिन्याला केलेली फेरी मला अधिक मोलाची वाटते. ज्या फेरीत काहीच दिसले नाही, तिचीही वेळ आणि जागा वहीत लिहावी.